गळ्यातली पाटी आणि खांद्यावरची हार्प : वेल्सच्या संग्रहालयातून एक पाठ



परिसर अभ्यासात 'आपला वारसा' हा भाग शिकवताना आपण मुलांना किल्ले, लेणी, जुनी नाणी दाखवतो. मुलं छान ऐकतात, वहीत चित्रं चिकटवतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. मला काहीतरी वेगळं हवं होतं. वारसा म्हणजे फक्त दगड नाही, आवाजसुद्धा असतो, हे मुलांना कळावं असं वाटत होतं. म्हणून मी वाद्यं आणि गाणी जपणारी संग्रहालयं शोधत होते. शोधता शोधता जिथे पोचले तो देश म्हणजे वेल्स.

मी वेल्सला गेलेले नाही, हे आधीच सांगते. पण तिथल्या संग्रहालयाने आपल्या इमारतींचे, वस्तूंचे फोटो आणि लोकगीतांची ध्वनिमुद्रणं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. महिनाभर रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मी मोबाईलवर तिथे फिरून यायचे. मग वर्गात प्रोजेक्टर लावून मुलांनाही फिरवून आणलं. त्या सहलीत मुलं काय शिकली ते सांगते, आणि मी काय शिकले तेही सांगते. दुसरं सांगणं जरा अवघड आहे.

वेल्स कुठे आहे?

इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला डोंगराळ, हिरवा, पावसाळी प्रदेश म्हणजे वेल्स. राजधानी कार्डिफ. ब्रिटनचा भाग असला तरी त्याची स्वतःची भाषा आहे. ती इंग्रजीची बोली नाही, पूर्ण वेगळी भाषा आहे. वेल्श लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात. शुभ सकाळला 'बोरे दा' म्हणतात. आमच्या वर्गात दोन दिवस हजेरीला 'उपस्थित' ऐवजी 'बोरे दा' चालू होतं!

गावच्या गावं उचलून आणलेलं संग्रहालय

कार्डिफजवळ सेंट फॅगन्स नावाचं गाव आहे. तिथे 1948 साली एक संग्रहालय सुरू झालं. काचेच्या कपाटांत वस्तू मांडायच्या, एवढंच तिथे केलेलं नाही. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं, गोठे, गिरण्या, दुकान, प्रार्थनाघर आणि शाळा दगड दगड सुटा करून, खुणा करून इथे आणले आणि जसेच्या तसे पुन्हा उभे केले. अशा 40 हून जास्त इमारती तिथे आहेत. प्रवेशाला तिकीट नाही. या कामामागे योरवर्थ पीट नावाचा अभ्यासक होता. राजवाड्यांइतकंच शेतकऱ्याचं, कामगाराचं, सुताराचं घर जपायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं.

मुलांना सगळ्यात जास्त आवडली ती रीद-अ-कारची सहा घरांची ओळ. ही घरं मर्थर टिडफिल या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावातली, कामगारांची. एका ओळीत सहा घरं, आणि प्रत्येक घर वेगळ्या काळातलं सजवलेलं : 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि 1985. पहिल्या घरात चूल आणि मोजकं सामान, शेवटच्या घरात टीव्ही. एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, आपल्या आजोबांचं घर कुठल्या नंबरला बसेल?" असा प्रश्न आला की समजावं, पाठ पोचला.

लाकडाचा छोटा तुकडा

याच संग्रहालयात मायस्टीर नावाची एका खोलीची शाळाही आहे. 1880 सालची. लाकडी बाकं, फळा, शेगडी. पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची मुलं एकाच खोलीत. आपल्याकडच्या बहुवर्ग शिक्षकांना हे चित्र ओळखीचं वाटेल!

पण वेल्सच्या शाळांची गोष्ट सांगताना एक वस्तू टाळता येत नाही, आणि तीही या संग्रहालयात जपलेली आहे. लाकडाचा एक छोटा तुकडा, दोरी ओवलेला. इंग्रजीत तिला 'वेल्श नॉट' म्हणतात. तिच्यावर बहुतेक वेळा 'डब्ल्यू. एन.' ही दोन अक्षरं कोरलेली असत.

ही वस्तू वापरायचे कशी? शाळेत एखादं मूल वेल्श बोलताना सापडलं की ही पाटी त्याच्या गळ्यात. मग त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की पाटी त्याच्या गळ्यात. असं करत करत शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनी दिवसभर एकमेकांच्या तोंडावर लक्ष ठेवायचं. गंमत बघा, बरीचशी मुलं घरी फक्त वेल्शच बोलत. त्यांना दुसरी भाषा येतच नव्हती.

हे वाचताना मला वाटलं होतं की हा सरकारचा कायदा असेल. तसं नव्हतं. पाटी घालायचं फर्मान कुठल्या कायद्यात नव्हतं. प्रत्येक शाळा आपापलं ठरवत होती. काही ठिकाणी पाटी होती, काही ठिकाणी कधीच नव्हती. ती वापरणारे काही शिक्षक स्वतः वेल्शच होते. अनेक पालकांचीही संमती होती. पोराला इंग्रजी आलं तर चार पैसे मिळतील, हा त्यांचा विचार. 1847 साली वेल्समधल्या शिक्षणावर एक सरकारी अहवाल निघाला. तपासणी करायला आलेल्या तिन्ही अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हतं. त्यांनी लिहिलं की ही भाषाच लोकांच्या प्रगतीच्या आड येते. लोक इतके दुखावले की निळ्या मुखपृष्ठाच्या त्या अहवालाला आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात.

म्हणजे पाटी घालणारे दुष्ट नव्हते. मुलांचं भलं करतोय असंच त्यांना वाटत होतं. याच वाक्यापाशी मी थांबले, आणि मला माझा वर्ग आठवला.

माझ्या वर्गातलं एक वाक्य

मी खानदेशातल्या शाळेत शिकवते. घराघरांत अहिराणी बोलली जाते. काही वर्षांपूर्वी पहिलीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, माले घर जानं शे." मी हसत म्हटलं, "माले नाही गं, मला म्हण. शे नाही, आहे म्हण." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. मला ते शिकवणंच वाटत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती वर्गात काही बोलली नाही. प्रश्न विचारला की नुसती मान हलवायची. मी पालकसभेत तिच्या आईला सांगितलं, "मुलगी लाजाळू आहे."

ती लाजाळू नव्हती. मी तिच्या गळ्यात पाटी घातली होती. लाकडाची नव्हती, एवढंच.

प्रमाण मराठी शिकवायला नको, असं मला म्हणायचं नाही. ती शिकवायलाच हवी, परीक्षा आणि पुढचं शिक्षण त्याच भाषेत आहे. पण बहिणाबाईंच्या कविता आपण पुस्तकात कौतुकाने शिकवतो आणि त्याच मातीतला शब्द लेकराच्या तोंडून आला की लाल पेन काढतो. याचा मेळ कसा घालायचा?

मग ही भाषा टिकली कशी?

मुलांनी हाच प्रश्न विचारला. शाळेत बोलायचं नाही, कचेरीत चालायची नाही, मग वेल्श भाषा मेली कशी नाही?

एक कारण म्हणजे दुसऱ्या प्रकारची शाळा. ग्रिफिथ जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाने 1730 च्या दशकात फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षक एका गावात जायचा, शेतीची कामं कमी असतील तेव्हा साधारण तीन महिने राहायचा आणि मुलांना, मोठ्यांना वेल्शमध्येच वाचायला शिकवायचा. मग पुढचं गाव. 1761 मध्ये ते वारले तोपर्यंत अशा तीन हजारांहून जास्त शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखांहून जास्त लोक त्यांत शिकले होते. मुलाला त्याच्याच भाषेत शिकवलं की ते भराभर वाचायला लागतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं.

दुसरं कारण म्हणजे गाणं. रविवारी प्रार्थनाघरात सगळे जमत आणि वेल्शमध्ये गात. एका सुरात नाही, चार वेगवेगळ्या आवाजांच्या पट्ट्यांत. खाणीत कोळसा फोडणारा, भट्टीवर लोखंड ओतणारा, घरी धुणं धुणारी, सगळे. त्यांना स्वरलिपी कशी कळायची? पाच रेघांवरची ठिपक्यांची युरोपीय लिपी अवघड होती. जॉन कर्वेन या इंग्रज शिक्षकाने प्रसार केलेली 'टॉनिक सोल्फा' ही सोपी पद्धत तिथे घरोघर पोचली. त्यात ठिपके नाहीत, अक्षरं आहेत : डो, रे, मी यांची आद्याक्षरं. आणि 'डो' कुठल्याही पट्टीत धरता येतो. मी मुलांना म्हटलं, "हे आपल्या सारेगमसारखंच झालं. आपला 'सा'सुद्धा कुठल्याही पट्टीत लावता येतो." मग आम्ही पेटीच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर 'सा' धरून तीच ओळ गाऊन पाहिली.

या गाण्याची ताकद किती? 1872 आणि 1873 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये समूहगानाची स्पर्धा झाली. दक्षिण वेल्समधून साडेचारशेच्या आसपास गायकांचं पथक गेलं. त्यांचा प्रमुख होता कॅराडॉग, पेशाने लोहार. दोन्ही वर्षं हेच पथक जिंकलं. ॲबरडेअर गावात आज त्या लोहाराचा पुतळा उभा आहे, हातात संगीत दिग्दर्शकाची छडी घेऊन. जोसेफ पॅरी हा असाच मर्थर टिडफिलचा मुलगा. लहानपणी खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात राबला, पुढे ॲबरिस्टविथच्या महाविद्यालयात संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं जन्मघर आता छोटंसं संग्रहालय आहे. एवढंसं घर!

क्रूथ आणि तीन ओळींची हार्प

आता वाद्यांकडे येऊया. सेंट फॅगन्सच्या संग्रहात 1742 सालचं एक क्रूथ आहे. चौकोनी आकाराचं, गजाने वाजवायचं तंतुवाद्य. सहा तारा. त्यांतल्या चार पट्टीवरून जातात आणि दोन बाजूला मोकळ्या असतात. त्या दोन अंगठ्याने छेडायच्या, म्हणजे खालचा सूर घुमत राहतो. तंबोऱ्याचा आधारसूर असतो ना, साधारण तसं. व्हायोलिन आल्यावर क्रूथ मागे पडलं आणि जवळजवळ संपलं. आज हौशी कारागीर अशा जुन्या नमुन्यांवरून ते पुन्हा बनवतात.

पण वेल्सचं मुख्य वाद्य म्हणजे हार्प. उभी, माणसाच्या उंचीची, तारांनी भरलेली. तिथल्या 'ट्रिपल हार्प'ला एक नाही, तारांच्या तीन ओळी असतात. बाहेरच्या दोन्ही ओळींत तेच शुद्ध स्वर, आणि मधल्या ओळीत कोमल-तीव्र स्वर. मधली तार छेडायला बाहेरच्या तारांमधून बोट आत घालावं लागतं. पेटीच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे लपवल्या तर वाजवणं कसं होईल, कल्पना करा. ही हार्प मूळची इटलीतली. 17व्या शतकात ब्रिटनमध्ये आली, वेल्सने आपलीशी केली, आणि बाकी सगळीकडून नाहीशी झाली तरी वेल्समध्ये राहिली. जुने वादक ती डाव्या खांद्यावर टेकवून वाजवत.

'पाणी' म्हणणारे हार्पवादक

ती राहिली कुणामुळे? इथे मी वर्गाला थांबवलं आणि फळ्यावर चार शब्द लिहिले : पानी, नाख, कान, दुई. "ही कुठली भाषा?" मुलं ओरडली, "आपली!" कुणी म्हणालं हिंदी, कुणी म्हणालं अहिराणी.

ही वेल्समधली रोमानी भाषा आहे.

रोमानी म्हणजे पूर्वी गावोगाव भटकणारे लोक. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. हे कसं कळलं? मुख्यतः त्यांच्या भाषेवरून. 18व्या शतकात एब्रम वुड नावाच्या रोमानी माणसाचं कुटुंब वेल्समध्ये आलं. त्याच्या वंशजांनी हार्प हातात घेतली आणि घराणंच हार्पवादकांचं झालं. त्याच वंशातला जॉन रॉबर्ट्स याला 'वेल्सचा हार्पवादक' ही पदवी मिळाली होती. 1889 साली त्याने मुलांना घेऊन व्हिक्टोरिया राणीपुढे वादन केलं. या घराण्यातल्या लोकांकडूनच लिव्हरपूलचे एक ग्रंथपाल, जॉन सॅम्पसन, यांनी वेल्समधली रोमानी भाषा शब्द शब्द गोळा केली आणि 1926 साली तिचं मोठं पुस्तक काढलं.

प्रतिष्ठित लोक पायाने दाबायच्या नव्या हार्पकडे वळले तेव्हा ही जुनी तीन ओळींची हार्प रोमानी कुटुंबांनी वाजती ठेवली. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर तंबू टाकावा लागे, त्यांनी! पुढे नॅन्सी रिचर्ड्स (1888–1979) या वेल्श बाईंनी ही परंपरा उचलली. लहानपणी त्यांनी रोमानी वादकांना ऐकलं होतं. त्यांनी ती हार्प पुढच्या पिढीच्या हाती दिली.

वर्गात एक क्षण सगळे गप्प झाले. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग त्यांना बी कोनी हसे का?"

हो रे बाळा, हसत असतील. भटक्यांना लोकांनी हाकलूनसुद्धा दिलं. पण वारसा त्यांच्याच हातात टिकला. ज्या भाषेची शाळेला लाज वाटत होती ती खाणकामगारांनी गाऊन टिकवली, आणि जे वाद्य प्रतिष्ठितांनी सोडलं ते भटक्यांनी खांद्यावर वाहिलं. मला या सगळ्या सहलीतून मिळालेली गोष्ट हीच. आपण ज्याला 'अशुद्ध' किंवा 'जुनाट' म्हणून बाजूला सारतो, त्यातच उद्याचं संग्रहालय असू शकतं.

आज काय स्थिती आहे?

खोटं समाधान देत नाही. 1901 मध्ये वेल्सचे जवळपास निम्मे लोक वेल्श बोलत. 2021 च्या जनगणनेत हे प्रमाण 17.8 टक्के, म्हणजे साधारण 5 लाख 38 हजार लोक. पण लोक हातावर हात धरून बसलेले नाहीत. 1939 साली ॲबरिस्टविथमध्ये वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, तेव्हा पटावर फक्त 7 मुलं होती. आज अशा शेकडो शाळा आहेत. 2050 पर्यंत 10 लाख वेल्श भाषक करायचे, असं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. दरवर्षी 'आयस्टेद्वड' हा काव्य-संगीताचा महोत्सव भरतो. त्याचं मूळ 1176 सालच्या कार्डिगन किल्ल्यातल्या स्पर्धेपर्यंत सांगतात. तेव्हा सर्वोत्तम कवी आणि सर्वोत्तम वादकाला बक्षीस म्हणून खुर्ची मिळाली होती. आजही कवीला खुर्चीच मिळते!

माहीत आहे का?

वेल्सचं राष्ट्रगीत 1856 साली पाँटिप्रीद गावात तयार झालं. शब्द विणकाम करणाऱ्या इव्हान जेम्स यांचे, चाल त्यांचा मुलगा जेम्स याची. तोही हार्पवादक. 1905 साली न्यूझीलंडविरुद्धच्या रग्बी सामन्याआधी कार्डिफच्या मैदानावर ते गायलं गेलं. हीच चाल आपल्या देशातही गातात : मेघालयातल्या खासी लोकांचं 'री खासी' हे गीत याच चालीवर आहे. 1841 साली वेल्सचे थॉमस जोन्स सोहरा इथे गेले आणि त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा हा धागा.

वर्गात काय करता येईल?

1. आवाजाचं संग्रहालय : मुलांनी आजी-आजोबांकडून एक ओवी, पाळणा किंवा कामाचं गाणं ऐकायचं आणि पालकांच्या मोबाईलवर मुद्रित करायचं. सोबत एका कागदावर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि 'हे गाणं कधी म्हणायचे' एवढं लिहायचं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या अशाच गावोगाव फिरून जमवल्या, लाखाच्या घरात.
2. सहा घरांची ओळ : गटात पुठ्ठ्याची सहा घरं. आपल्याच गावातलं एक घर पणजोबांच्या काळापासून आजपर्यंत कसं बदललं ते दाखवायचं.
3. दोन रकान्यांची वही : डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला शब्द. डावीकडच्या शब्दावर कधीच लाल खूण करायची नाही.
4. शब्दांचे नातेवाईक : पाणी, नाक, कान, दोन हे शब्द वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषांत कसे म्हणतात, त्याचा तक्ता.

विचार करा, बोला

- 'वेल्श नॉट' गळ्यात असलेल्या मुलाला दिवसभर काय वाटत असेल?
- शिक्षक आणि पालक दोघांनाही मुलांचं भलं हवं होतं. मग चुकलं कुठे?
- भटक्या कुटुंबांनी हार्प जपली नसती तर काय झालं असतं?
- तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे जी फक्त आजीलाच येते?

आमच्या वर्गात आवाजाचं संग्रहालय सुरू झालं तेव्हा पहिलं मुद्रण कुणी आणलं, सांगू? तीच 'लाजाळू' मुलगी, आता चौथीत आहे. तिच्या आजीने जात्यावरची अहिराणी ओवी म्हटली होती. मागे कोंबडीचा आवाज, मध्येच आजीचा खोकला. ओवी संपल्यावर वर्गातल्या कुणालातरी एक शब्द कळला नाही. त्याने मला विचारलं. मलाही येत नव्हता. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तूच सांग."

ती उभी राहिली आणि पाच मिनिटं बोलली. अहिराणीत. मी मध्ये एकही शब्द दुरुस्त केला नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर काय घडलं ते नक्की कळवा.